चित्र तिचं, विणकाम त्याचं. मग कलाकृती कोणाची?

कविता वाचली की आपण आधी विचारतो, कवी कोण? उत्तर एकच असणार, हे आपण धरूनच चालतो. पण विणलेल्या कलाकृतीला हाच प्रश्न विचारला तर? वेन्से आणि सँड्रा मार्टिनेझ या दांपत्याच्या कामावरून हे समजून घेऊ.

वेन्से हे मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील तेओतित्लान देल वाये या गावचे झापोटेक विणकर. सँड्रा या अमेरिकेतील चित्रकार. त्या चित्र काढतात, ते मागावर लोकरीत विणतात. त्यांची टॅपेस्ट्री दोघांच्या नावानं ओळखली जाते.

टॅपेस्ट्री म्हणजे भरतकाम नव्हे. यात आडवा धागा उभ्या धाग्याला पूर्ण झाकतो आणि प्रत्येक रंगाचा धागा फक्त आपल्या भागापुरता जाऊन मागे वळतो. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. सरळ रेघ आणि पायऱ्यांची नक्षी मागावर सहज उतरते. गोलाई मात्र बारीक बारीक पायऱ्यांनी रचावी लागते. ब्रशची मोकळी रेघ जशीच्या तशी उतरत नाही. कुठे वळायचं, काय सोडायचं, हे विणकर ठरवतो. म्हणजे तो नक्कल करत नाही, अनुवाद करतो.

आता परंपरेकडे पाहू. तिथे पूर्वी कमरेला पट्ट्यानं बांधायच्या मागावर सुती कापड विणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेंढ्या आणि पायांनी चालवायचा माग आणला. नक्षी मात्र जुनी राहिली. जवळच्या मित्ला येथील दगडी भिंतींवरच्या पायऱ्यांच्या आकृत्या आजही गालिच्यांत दिसतात. निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यापासून लाल रंग मिळतो. त्यात लिंबाचा रस घातला की तो नारिंगीकडे झुकतो. निळा रंग निळीच्या झाडापासून. थोडक्यात, परंपरा म्हणजे बंद पेटी नव्हे. बाहेरचं घेत घेतच ती टिकली.

पण यात एक अन्यायही होता. पायमागावर बहुधा पुरुष बसत; लोकर धुणं, पिंजणं, सूत कातणं बायकांकडे. गालिचा मात्र विणणाऱ्याच्या नावावर जाई. पुढे बायकाही मागावर बसल्या आणि 1980 च्या दशकात त्यांनी स्वतःचे गट उभे केले. म्हणून कलाकृतीवर दोन नावं असणं हा नुसता शिष्टाचार नाही. काम कोणी केलं, याची ती खरी नोंद आहे.

अभ्यासासाठी: वाचनालयातली पाच अनुवादित पुस्तकं काढा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे की आतल्या पानावर? ते तिथे का आहे, यावर वर्गात बोला.