गोफणीचा दगड व हवेतील गती

शाळूच्या कणसांत दाणा भरू लागला की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखावयाची, ही बार्शीकडील शेतकऱ्यांची जुनी रीत होय. ‘हवेतील वस्तूंची गती’ हा पाठ शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावयास नको.

तालुक्यातील एका वर्गात प्रश्न निघाला : गोफणीतून सुटलेल्या दगडास पुढे कोण ढकलते? उत्तर आले, ‘गोफणीचा जोर दगडात भरलेला असतो, तो संपला की दगड पडतो.’ गुरुजींनी ते मान्य केले. तेव्हा शेत राखणाऱ्या एका मुलीने विचारले, ‘मग दगड सुटल्यापासूनच वाकत का जातो?’ तिला खाली बसविण्यात आले. वास्तविक तिचे निरीक्षण अचूक होते. प्रस्तुत लेखकानेही आरंभीची काही वर्षे हीच चूक शिकविली आहे. म्हणून हे टिपण.

गोफण फिरत असता दोरीचा ताण दगडास सतत आत ओढून वर्तुळात ठेवतो. दोरीचे एक टोक सोडताच तो ताण नाहीसा होतो व दगड वर्तुळाच्या स्पर्शरेषेने निघतो. त्यानंतर त्यास पुढे ढकलणारे कोणतेही बल उरत नाही. असलेली गती टिकून राहणे हा जडत्वाचा धर्म असून न्यूटनने तो १६८७ साली नियमरूपाने मांडला. उडत्या दगडावर मुख्यतः दोनच बले असतात : गुरुत्वाकर्षण त्यास खाली ओढते व हवेचा विरोध त्याचा वेग कमी करतो.

प्रयोग : मेजाच्या कडेवर दोन सारखी नाणी ठेवावीत. एकास टिचकी मारून पुढे उडवावे व त्याच क्षणी दुसरे नुसते खाली पाडावे. मुलांनी डोळे मिटून आवाज ऐकावा. दोन्ही नाणी एकदमच जमिनीवर पडतात. मेज ७८ सेंटिमीटर उंच असल्यास सुमारे ०.४ सेकंदात.

हवेच्या बलासाठी खळ्यावरील उफणणीची आठवण द्यावी. दाणा पायाशी पडतो, भुसकट दूर जाते; कारण भुसकटाच्या वजनाच्या मानाने त्यावरील हवेचे बल मोठे असते. हवाच नसती तर दोन्ही बरोबर पडली असती. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही बरोबरच खाली आले.

शिक्षकांनी वर्गात गोफण फिरवू नये. मैदानावर, मुलांना दूर उभे करून, चिंध्यांचा चेंडू वापरावा. आणि शंका विचारणाऱ्या मुलास उत्तर मिळेपर्यंत उभे राहू द्यावे, एवढी विनंती आहे.