वासरांची हगवण : ओळख व उपचार

नवजात वासरांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हगवणीची गणना होते. जन्मानंतरचा पहिला महिना विशेष धोक्याचा असतो. गोवा व कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात गोठ्याची जमीन सतत ओली राहते व हा धोका वाढतो. तथापि, वेळीच लक्ष दिल्यास पुष्कळ वासरे वाचविता येतात.

कारणे : पहिल्या चार-पाच दिवसांत प्रामुख्याने ई. कोलाय हे जिवाणू, तर पुढील दोन-तीन आठवड्यांत रोटा व कोरोना जातींचे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी हगवणीस कारणीभूत होतात. तीन आठवड्यांनंतर शेणात रक्त दिसल्यास रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. म्हशीच्या पारडांत दुधावाटे आलेले गोल जंतही आढळतात.

लक्षणे : शेण पाण्यासारखे पातळ, पांढरट वा पिवळसर व दुर्गंधीयुक्त होते. शेपटी व मागचे पाय बरबटतात. वासरू मलूल होते, डोळे खोल जातात. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. निरोगी वासराची कातडी लगेच पूर्ववत होते. त्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास अंगातील पाणी कमी झाले आहे असे समजावे.

उपचार : वासरू दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून 'पाणी पाजल्याने हगवण वाढते' ही समजूत घातक होय. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम विरघळवावा. वजनाची सोय नसल्यास जलसंजीवनीचे पाकीट त्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. २५ किलो वजनाच्या वासरास असे पाणी दिवसभरात २ ते ३ लिटर, चार-पाच वेळा विभागून पाजावे. दूध बंद करू नये. मात्र ते वेगळ्या वेळी, थोडे थोडे द्यावे. ग्लुकोजऐवजी साखर किंवा गूळ घालू नये. लहान वासरास ती साखर पचत नाही व हगवण वाढते.

वासरू चोखत नसेल, उठत नसेल, तोंड व पाय गार पडले असतील अथवा शेणात रक्त असेल, तर बळजबरीने पाजू नये. पाणी फुफ्फुसात जाण्याची भीती असते. अशा वेळी पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. शिरेतून सलाईन देणे हाच मग उपाय उरतो. उरलीसुरली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. विषाणूंवर त्यांचा उपयोग होत नाही.

प्रतिबंध : जार पडेपर्यंत वासरास चीक पाजू नये, अशी प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ही प्रथा सोडून द्यावी. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भास मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती सुमारे २४ तासांत संपते. यास्तव जन्मानंतर दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर चीक पोटात जावा. खरवस करावयाचा तो वासराचा वाटा दिल्यानंतर. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे, जमीन कोरडी ठेवावी व आजारी वासरू वेगळे बांधावे.

यांतील काही रोग माणसांनाही होतात. आजारी वासरास हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय शिक्षकांनी मुलांस अवश्य लावावी.