संशोधन-निबंधाची आखणी व लेखन

प्रयोग यशस्वी झाला की संशोधन संपले आणि निबंध लिहिणे हे केवळ मागाहून उरकावयाचे काम आहे, अशी पुष्कळ नवोदित संशोधकांची समजूत असते. वस्तुतः जे निरीक्षण इतरांना तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडलेले नाही, ते विज्ञानाच्या दृष्टीने अपुरेच होय. निबंधाची आखणी कशी करावी, हे एका सुप्रसिद्ध भारतीय टिपणाच्या आधारे येथे पाहू.

१. प्रश्नाची निश्चिती

कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रा. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन हे १९२३ साली द्रवांतून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा, म्हणजेच प्रकाश चोहीकडे विखुरला जाण्याच्या क्रियेचा, अभ्यास करीत होते. नेहमीच्या प्रकीर्णित प्रकाशाबरोबर निराळ्या रंगाचा एक अत्यंत क्षीण प्रकाश त्यांना आढळला. हे अनुस्फुरण असावे, म्हणजे द्रवातील एखादी अशुद्धी प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकीत असावी, असे तेव्हा वाटले. परंतु द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो प्रकाश नाहीसा झाला नाही.

हाच प्रकाश पाच वर्षांनी एका मोठ्या शोधाचा विषय ठरला. या मधल्या काळात निरीक्षणे वाढली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न स्पष्ट झाला. क्ष-किरणांचे प्रकीर्णन होताना त्यांच्या काही अंशाची तरंगलांबी बदलते, असे आर्थर कॉम्प्टन यांनी दाखविले होते. मग साध्या प्रकाशातही असा बदललेला अंश सापडावयास नको काय? रामन व के. एस. कृष्णन यांचे टिपण याच अपेक्षेपासून सुरू होते. १६ फेब्रुवारी १९२८ ही तारीख असलेले हे टिपण ‘नेचर’ नियतकालिकाच्या ३१ मार्चच्या अंकात प्रसिद्ध झाले.

ज्या निबंधाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येत नाही, त्याच्या लेखनास हात घालू नये.

२. पद्धतीचे वर्णन

पद्धतीचे वर्णन इतके नेमके असावे की, अनोळखी वाचकाला तोच प्रयोग करून पाहता यावा. उपर्युक्त टिपणात भिंगांचे नाभ्यंतर सेंटिमीटरमध्ये दिले आहे आणि द्रव निर्वातात वारंवार ऊर्ध्वपातन करून शुद्ध केल्याचेही नमूद केले आहे. मुख्य युक्ती मोजक्या शब्दांत येते. निळा-जांभळा प्रकाश जाऊ देणारी एक गाळणी आणि पिवळा-हिरवा प्रकाश जाऊ देणारी दुसरी, अशा दोन्ही गाळण्या सूर्यप्रकाशाच्या वाटेत ठेवल्या असता द्रवातील प्रकाशरेषा पूर्णपणे लोपते. दुसरी गाळणी तेथून उचलून द्रव व निरीक्षकाचा डोळा यांच्यामध्ये धरली की ती रेषा पुन्हा दिसू लागते. अर्थात द्रवात शिरला त्याहून वेगळ्या रंगाचा प्रकाश द्रवातून बाहेर पडत आहे. सुमारे ६० द्रव तपासले व त्या प्रत्येकात हा परिणाम कमीअधिक प्रमाणात आढळला, असे आकड्यासह सांगितले आहे. ‘अनेक द्रव’ या शब्दांनी हे काम झाले नसते.

३. शंकेचे निरसन

आपल्या निष्कर्षाविरुद्ध सर्वांत बलवान आक्षेप कोणता, हे लेखकाने स्वतःच शोधावे व निबंधातच त्याला उत्तर द्यावे. येथे तो आक्षेप १९२३ सालचाच होता : हे अनुस्फुरण तर नव्हे? लेखकांनी दोन कारणे दिली. एक, नेहमीच्या प्रकीर्णनाच्या तुलनेने हा प्रकाश फार क्षीण आहे. दुसरे, त्याचे ध्रुवण पुष्कळ द्रवांत बरेच तीव्र असून नेहमीच्या प्रकीर्णित प्रकाशाच्या ध्रुवणाशी तुल्य आहे. वायू व बाष्प यांच्या बाबतीत तपास अधिक कठीण जातो, ही मर्यादाही त्यांनी लपविली नाही. मर्यादा मान्य केल्याने निबंध दुबळा होत नाही. उलट वाचकाचा त्यावरील विश्वास दृढ होतो.

४. टिपण, निबंध आणि ऋणनिर्देश

छोट्या टिपणात सर्व काही कोंबू नये. २८ फेब्रुवारी रोजी वर्णपटदर्शकातून हा परिणाम स्पष्ट दिसल्यावर रामन यांनी १६ मार्च रोजी बंगलोर येथे व्याख्यान दिले आणि विस्तृत विवेचन ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध केले. त्यात रामनाथन व इतर सहकाऱ्यांच्या पूर्वीच्या निरीक्षणांचा नावानिशी उल्लेख आहे. पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. त्यावाचून शोधाचा क्रमच वाचकाला कळत नाही.

विलंबही परवडत नाही. मॉस्कोत लँड्सबर्ग व मँडेलश्टाम यांनी त्याच वर्षी स्फटिकांमध्ये हाच परिणाम स्वतंत्रपणे पाहिला होता. त्यांचे टिपण जुलै १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

५. लेखनाचा क्रम

निबंध ज्या क्रमाने वाचला जातो, त्याच क्रमाने तो लिहिला पाहिजे असे नाही. प्रथम पद्धती व निष्पत्ती लिहावी, कारण त्यांची नोंद हाताशी असते. नंतर चर्चा, त्यानंतर प्रास्ताविक आणि अखेरीस सारांश व शीर्षक लिहावे. जे पाहिले ते एका परिच्छेदात व जे अनुमानिले ते दुसऱ्या परिच्छेदात ठेवावे. मसुदा काही दिवस बाजूस ठेवून विषयाशी अपरिचित अशा सहकाऱ्यास वाचावयास द्यावा. तो जेथे अडखळेल, तेथे दोष बहुधा वाचकाचा नसून लेखकाचा असतो.