लहान दुरुस्तीचे मोल : मुक्तस्रोत संगणकभाषेची निगा

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला कळेल अशा भाषेत आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या क्रमबद्ध मांडणीस आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात आणि ती ज्या भाषेत लिहिली जाते तिला संगणकभाषा. या भाषेमागेही एक मोठी लिखित संहिता असते. ही मूळ संहिता वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मुभा सर्वांस असेल, तर त्या भाषेस मुक्तस्रोत भाषा म्हणतात. सार्वजनिक विहीर जशी साऱ्या गावाची असते, तशी ही संहिता साऱ्या वापरणाऱ्यांची असते. विहिरीचा गाळ कोणी तरी काढावा लागतो, त्याचप्रमाणे या संहितेचीही निगा राखावी लागते. ही निगा बव्हंशी लहान लहान कामांनी राखली जाते. अशा कामांचे स्वरूप, त्यांतील धोके आणि ती करण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पायथन भाषेची ओळख

उदाहरणादाखल आपण पायथन ही भाषा घेऊ. नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत काम करीत असताना गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये या भाषेच्या रचनेस आरंभ केला. तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नसून ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी नटमंडळीच्या नावावरून घेतलेले आहे. २००१ मध्ये भाषेच्या संवर्धनासाठी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. रॉसम यांनी २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच सदस्यांचे मंडळ ही जबाबदारी पाहते.

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्र विषयात हीच भाषा शिकविली जाते. शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींचा अंगीकार करण्याविषयीचे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हा हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांचाही त्याच्याशी संबंध येतो.

किरकोळ सफाई म्हणजे काय ?

संहितेतील सफाईची कामे साधारणतः पुढील प्रकारची असतात. एखादे नाव पूर्वी उपयोगात होते, आता नाही. ते काढून टाकणे. तोच मजकूर दोन ठिकाणी आला असेल तर तो एका ठिकाणी आणणे. अर्थ न कळणाऱ्या नावाऐवजी सुबोध नाव देणे. कालबाह्य रीतीने लिहिलेली ओळ नव्या रीतीने लिहिणे.

यांतील काही कामे दिसावयास लहान असली तरी त्यांमागे गुप्त दोष असतो. पायथनमध्ये ‘या दोन किमती सारख्या आहेत काय’ आणि ‘ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत काय’ असे दोन निराळे प्रश्न विचारता येतात. नवशिके अनेकदा पहिल्याच्या जागी दुसरा प्रश्न लिहितात. लहान पूर्णांकांच्या वस्तू भाषेने आधीच करून ठेवलेल्या असल्यामुळे अशी आज्ञावली लहान संख्यांना योग्य उत्तर देते; मोठी संख्या आली की चुकू शकते. म्हणून २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून अशी ओळ दिसताच भाषा स्वतःच सावधगिरीची सूचना देते. ही ओळ सुधारणे हे एका शब्दाचे काम, परंतु त्याने पुढील घोटाळा टळतो.

जुने सामान काढून टाकणे हाही सफाईचाच भाग होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१३ या आवृत्तीतून फारसे कोणी न वापरणारे १९ जुने विभाग एका ठरावानुसार वगळण्यात आले. हे अकस्मात करण्यात आलेले नाही. वापरणाऱ्यांना आपली व्यवस्था करता यावी म्हणून आधीच्या आवृत्त्यांतून तशी पूर्वसूचना देण्यात आली होती.

माहितीलेखनातील दुरुस्ती

संहितेबरोबरच भाषेची माहिती देणारे लेखन असते. कोणती आज्ञा काय करते, तिला काय द्यावे व तिच्याकडून काय मिळते, हे त्यात सांगितलेले असते. हे लेखन चुकीचे असेल तर अचूक संहिताही निरुपयोगी ठरते. त्याचे एक उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे.

समजा, उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात आणि एका विद्यार्थ्याच्या गुणांची सरासरी ३४.५ आली. शाळेत शिकविलेल्या रीतीने अर्धा गुण वर घेऊन आपण ३५ धरतो. पायथनमध्ये संख्या पूर्णांकात आणण्यासाठी ‘राउंड’ नावाची आज्ञा आहे. ती ३४.५ चे उत्तर ३४ देते ! आणि ३५.५ चे ३६ देते. हा दोष नाही. संख्या बरोबर मध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जावे, असा तिचा नियम आहे. कारण नेहमी वरच्या बाजूस घेतल्यास मोठ्या बेरजांत वाढीकडे कल राहतो. पायथनच्या दुसऱ्या मालिकेत मात्र हीच आज्ञा ३४.५ चे ३५ देत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून नियम बदलला.

आता विचार करावा, की हा नियम माहितीलेखनात नसता तर काय झाले असते ? जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालविणाऱ्या शिक्षकास बदल कळला नसता आणि एखादा विद्यार्थी विनाकारण अनुत्तीर्ण ठरला असता. सुदैवाने माहितीलेखनात हा नियम स्पष्ट दिलेला आहे. इतकेच नव्हे, तर २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत आणली असता २.६८ ऐवजी २.६७ मिळते, हेही तेथे उदाहरणासह सांगितले आहे. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो, २.६७५ त्याला तंतोतंत साठविता येत नाही व साठविलेली संख्या किंचित लहान असते, हे त्याचे कारण. ज्यास शाळेतील रीतच हवी आहे त्याच्यासाठी ‘डेसिमल’ नावाचा स्वतंत्र विभाग भाषेत आहे. अशी दोन वाक्ये ज्याने लिहिली, त्याने कोणाच्या तरी निकालपत्रकाचे रक्षण केले असे म्हणावयास हरकत नाही.

माहितीलेखनातील उदाहरणे खरी आहेत की नाहीत, हे संगणकाकडूनच तपासून घेण्याचीही सोय आहे. ‘डॉकटेस्ट’ हे त्या विभागाचे नाव असून तो २००१ पासून भाषेसोबत मिळतो. लिहिलेले उदाहरण तो प्रत्यक्ष चालवून पाहतो व छापलेले उत्तर जुळते की नाही ते सांगतो.

सफाईतील धोका

वरीलच उदाहरण पुढे नेऊ. एका कार्यालयाच्या आज्ञावलीत गुणांमध्ये ०.५ मिळवून अपूर्णांक टाकून देण्याची जुनी ओळ आहे. ३४.५ मध्ये अर्धा मिळविला की ३५ होतात, म्हणून उत्तर योग्य येते. एखादा उत्साही कर्मचारी ती ओळ ओबडधोबड समजून तिच्या जागी ‘राउंड’ आज्ञा लिहितो. ओळ सुबक झाली, पण ३४.५ चे आता ३४ झाले ! बाकी सर्व गुणांस उत्तर बहुधा पूर्वीचेच येत असल्यामुळे ही चूक पुष्कळ दिवस लक्षातही येणार नाही. ज्या सफाईने अर्थ बदलतो ती सफाई नव्हे, हे सूत्र येथे ध्यानी धरावे.

असा प्रकार मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष घडलेला आहे. डेबियन ही जगभर वापरली जाणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. तीत गुप्त संदेशवहनासाठी ‘ओपनएसएसएल’ हा संच वापरतात. २००६ मध्ये या संचाची तपासणी करणाऱ्या साधनाने काही ओळींविषयी तक्रार दर्शविली. ती तक्रार दूर व्हावी म्हणून डेबियनच्या प्रतीतून दोन ओळी वगळण्यात आल्या. बदल करण्यापूर्वी विचारणाही झाली होती. परंतु त्याचा पूर्ण परिणाम कोणी बारकाईने तपासला नाही. वगळलेल्या ओळींपैकी एक, गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी अनिश्चितता मिसळणारी होती. ती गेल्यामुळे प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर व प्रत्येक आकाराच्या किल्लीसाठी संभाव्य किल्ल्यांची संख्या अवघी ३२,७६८ च्या आसपास उरली. कुलूप भक्कम, पण त्याच्या साऱ्या किल्ल्या एका पोत्यात मावतील, अशी अवस्था झाली. हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला आणि मधल्या काळात त्या प्रणालीवर व तिच्यावरून बेतलेल्या इतर प्रणालींवर तयार झालेल्या किल्ल्या बदलण्याची वेळ जगभरच्या लोकांवर आली. हेतू चांगला होता. ओळी दोनच होत्या.

फेरफाराची नोंद

मुक्तस्रोत संहितेत कोणताही बदल मुकाट्याने होत नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्यावरील किंवा गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव बदलावयाचे तर जशी फेरफाराची नोंद घालावी लागते, तशीच येथेही नोंद होते. कोणती ओळ, कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बदलली, हे वर्षानुवर्षांनंतरही पाहता येते. दोष शोधताना या नोंदींचा मोठा आधार असतो.

यामुळेच केवळ शोभेसाठी केलेले व्यापक बदल पायथनचे अनुभवी जाणकार सहसा स्वीकारीत नाहीत. नोंदवहीची सर्व पाने कोणी सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरविली आणि प्रत्येक नोंदीखाली आपली सही केली, तर अक्षर सुधारेल. पण मूळ नोंद कोणाची, हे शोधण्यास अनेक पाने मागे जावे लागेल. पायथनच्या लेखनशैलीचे नियम २००१ पासून लिखित स्वरूपात आहेत, आणि केवळ या नियमांच्या पालनासाठी चालती संहिता बिघडवू नये, असे त्याच नियमांत बजावले आहे.

दुरुस्ती सादर करण्याची रीत

पायथनची संहिता फेब्रुवारी २०१७ पासून ‘गिटहब’ या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. दुरुस्ती सुचविणाऱ्याने पुढील क्रमाने जावे.

१. प्रथम दोष निश्चित करावा. माहितीलेखनातील उदाहरण स्वतः चालवून पाहावे आणि सर्वांत नव्या प्रतीत तो दोष अद्याप आहे याची खात्री करावी.

२. तोच दोष आधी कोणी कळविला आहे काय, हे पाहावे. शुद्धलेखनाच्या साध्या चुकीसाठी स्वतंत्र तक्रार नोंदविण्याची गरज नसते. वर्तनात बदल होणार असेल तर मात्र आधी चर्चा हवी.

३. मूळ संहितेची आपली प्रत करून घ्यावी व तीत एका वेळी एकच बदल करावा. शुद्धलेखन, नावांतील बदल व दोषनिवारण यांची सरमिसळ करू नये. तपासणाऱ्यास ते फार त्रासाचे होते.

४. संहितेत बदल केला असल्यास भाषेच्या चाचण्या चालवाव्यात.

५. बदल कशासाठी केला, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. ‘सुधारणा केली’ एवढे पुरेसे नाही. काय चुकत होते व आता काय बरोबर होईल, ते सांगावे.

६. योगदानासंबंधीच्या करारपत्रास संमती द्यावी आणि तपासणाऱ्याच्या सूचनांची वाट पाहावी. सूचना आल्यास राग न धरता दुरुस्ती करावी. बदल नाकारला गेल्यास त्याचे कारण समजून घ्यावे.

माहितीलेखनातील मान्य झालेली दुरुस्ती पुष्कळदा चालू असलेल्या जुन्या आवृत्तीच्या पुस्तिकेतही घातली जाते. त्यामुळे नवी आवृत्ती न घेतलेल्या शाळेलाही तिचा लाभ होतो.

मराठी वाचकांसाठी

संगणकभाषा म्हणजे सर्वस्वी इंग्रजीचा कारभार, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. पायथनचे मूळ शब्द इंग्रजी असले, तरी ३.० या आवृत्तीपासून आपण द्यावयाची नावे देवनागरीत देता येतात. ‘बेरीज = पहिला + दुसरा’ ही ओळ पायथनला मान्य आहे. देवनागरी अंकांत लिहिलेला ‘१२३’ हा मजकूर ‘इंट’ या आज्ञेकडे दिला तर ती तो एकशे तेवीस म्हणूनच वाचते. मात्र संहितेत थेट संख्या लिहिताना इंग्रजी आकडेच वापरावे लागतात. माहितीलेखनाच्या भाषांतरांची रीतसर व्यवस्था २०१७ मध्ये ठरविण्यात आली असून जपानी, फ्रेंच, कोरियन आदी भाषांतील अनुवाद तिच्याद्वारे प्रसिद्ध होतात. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत व्यवहार करीत आली आहेत. एका भाषेतील विधान दुसरीत नेताना अर्थ कोठे निसटतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते, आणि माहितीलेखन तपासण्यास नेमकी हीच दृष्टी लागते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांस ३२.५, ३३.५, ३४.५ व ३५.५ या संख्या ‘राउंड’ आज्ञेस देण्यास सांगावे. उत्तरे ३२, ३४, ३४ व ३६ अशी येतील. ती तशी का आली, हे विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत मराठीत लिहावे. ज्याचे लेखन वाचून शेजारच्या विद्यार्थ्यास न विचारता नियम कळेल, त्याने माहितीलेखनाचा पहिला धडा पुरा केला असे समजावे.