लिलावानंतरच्या श्रेणी कोण देतं आणि कशावर?

प्रश्न : आम्ही तळेघर परिसरातली (ता. आंबेगाव) काही पोरं कबड्डी खेळतो आणि प्रो कबड्डीचे सामने सहसा चुकवत नाही. खेळाडूंचा लिलाव झाला, की दुसऱ्याच दिवशी वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत प्रत्येक संघाला श्रेणी दिलेली असते. अमक्याला ‘अ’, तमक्याला ‘ब’. उत्तरेकडच्या एखाद्या संघाने मोठा खेळाडू घेतला की त्याचं कौतुक सुरू होतं. पुणेरी पलटण मात्र कायम मधल्या रांगेत. आपल्या संघावर, आणि एकूणच मराठी खेळाडूंवर, माध्यमं अन्याय करतात का? की आम्हालाच तसं वाटतं?
– एक वाचक, भीमाशंकर रस्ता

उत्तर : पक्षपात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुम्हाला वाटतो त्या दिशेचा तो नाही. श्रेणी देणारे झुकतात ते किमतीकडे आणि ओळखीच्या नावाकडे. मग ते नाव हरियाणाचं असो, इराणचं असो की कोल्हापूरचं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत दहाव्या पर्वाचा लिलाव झाला, त्याचंच उदाहरण घेऊ. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती 5 कोटी रुपयांची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकाच चढाईपटूवर गेली. पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. तीही जवळपास निम्मी रक्कम. लिलावाच्या रात्री नुसता हिशेब बघितला तर दोन्ही संघांनी एकच गोष्ट केली होती. मथळे अर्थातच पवनचे झाले, कारण लीगच्या इतिहासात तोवर एवढी बोली कुणालाच लागली नव्हती.

पर्व संपलं तेव्हा पलटण 22 पैकी 17 सामने जिंकून 96 गुणांसह पहिली होती आणि टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर. पवन काही कमी खेळला नव्हता. चढायांमध्ये त्याने दोनशेच्या आसपास गुण मिळवले. पण तो पकडला गेला की मागे उभं राहणारं कुणी नव्हतं. पलटणकडे मात्र अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही पोरं आधीपासूनच होती. अस्लम आणि मोहित आठव्या पर्वात नवोदित म्हणून आले, तिथेच वाढले, आणि अस्लम कर्णधार झाला. लिलावात त्यांच्यावर बोलीच लागली नाही, कारण संघाने त्यांना कायम ठेवलं होतं. बोली लागली नाही म्हणजे बातमी झाली नाही, आणि बातमी झाली नाही म्हणजे श्रेणीतही ती पोरं धरली गेली नाहीत.

1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये अंतिम सामना झाला. पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं. त्या सामन्यात पंकज मोहितेने पूर्वार्धात एकाच चढाईत चार गुण आणले होते. तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात एका चढाईचे चार गुण, आणि तेही लिलावाच्या यादीत ज्याचं नावच नव्हतं त्याचे. लिलावाला दिलेली श्रेणी ही संघाची श्रेणी का होऊ शकत नाही, हे सांगायला मला एवढं एक उदाहरण पुरतं.

आता हे असं का होतं ते बघू. लिलाव रात्री उशिरा संपतो आणि मजकूर त्याच रात्री जायचा असतो. लिहिणाऱ्याच्या हाताशी दोनच गोष्टी असतात. एक, कोण कितीला गेला याची यादी. दुसरी, मागच्या पर्वाची आकडेवारी. आकडेवारीत चढाईपटू उठून दिसतो, कारण त्याचा प्रत्येक गुण त्याच्या नावावर चढतो. बचावाचं तसं नसतं. कोपरारक्षकाने घोटा धरला, तरी मध्यरक्षकाने वेळेवर अंग घातलं नसतं तर चढाईपटू रेषेपर्यंत पोहोचलाच असता. गुण मात्र एकाच्याच नावावर लागतो. तुम्ही मैदानावर खेळता, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आणि जो अजून खेळलेलाच नाही, त्याचा तर आकडाच नसतो. मग लिहिणारा माणूस किमतीलाच गुणवत्ता समजू लागतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रेक्षकांनी कायम ध्यानात ठेवावी. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत 2015 साली स्टार इंडियाने 74 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे जी वाहिनी सामने दाखवते, तिचाच हात लीगच्या कारभारातही आला. अशा वाहिनीवर बसून कुणी ‘एवढी बोली लावायला नको होती’ असं ठणकावून सांगेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. एखाद्या संघावर तिचा राग असतो, असा याचा अर्थ नाही. मोठी बोली हेच तिथलं आकर्षण असतं, आणि त्या आकर्षणाला धक्का लावण्यात तिथे कुणाचंच हित नसतं.

2018 चा लिलावही आठवून बघा. तेव्हा पहिल्यांदाच खेळाडूंनी एक कोटीचा आकडा ओलांडला. मोनू गोयत 1 कोटी 51 लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला, आणि चर्चा कोट्यधीशांचीच झाली. त्याच लिलावात यू मुम्बाने 36 लाख 40 हजारांना एक नवखा चढाईपटू घेतला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. पर्वाअखेर त्याच्या चढायांचे गुण झाले 218, आणि हरियाणा आपल्या गटात तळाला गेला. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. मग सगळीकडे त्याचंच नाव. तोच मराठी खेळाडू, एका वर्षात कोपऱ्यातून मथळ्यात. त्या वर्षी टायटन्स बारा संघांत अकरावे आले. आता सांगा, माध्यमांनी पाहिलं ते गाव की किंमत?

2022 मध्येही हेच घडलं. तमिळ थलायवाजने पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून पर्वाबाहेर गेला. तरीही संघ उपांत्य फेरीत पोहोचला. त्याला तिथवर ओढून नेलं नरेंदर या अगदी नव्या चढाईपटूने, 243 गुण मिळवून. लिलावानंतर थलायवाजबद्दल जे काही लिहून आलं, ते पवनबद्दल होतं.

महाग खेळाडू घेणं चूकच असतं, असंही नव्हे. पलटणने सोडलेल्या शादलुईला हरियाणाने 2024 मध्ये 2 कोटी 7 लाखांना घेतलं, आणि त्या वर्षी बालेवाडीत हरियाणाने विजेतेपद मिळवलं. सलग दोन पर्वं, दोन वेगळे संघ, दोन्ही विजेते. तिथे किमतीने खरं सांगितलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ‘आम्हालाच तसं वाटतं का’. हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला. 1951 साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा फार आडदांड सामना झाला. एका बाजूच्या प्रमुख खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग डार्टमथच्या मुलांना सरासरी चारच्या आसपास दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना तेच दहाच्या जवळ दिसले. त्यांचा अभ्यास 1954 मध्ये प्रसिद्ध झाला. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचे डोळे आपल्या संघाचे होते. पलटणला ‘ब’ मिळाला की तुम्हाला तो लागतो. टायटन्सला ‘ब’ मिळाला तर तुम्ही पान उलटता. हैदराबादचा प्रेक्षक नेमकं उलटं करत असणार. पुण्याच्या वर्तमानपत्रांत पलटणचे फोटो केवढे मोठे येतात, हे त्याच्या नजरेने एकदा बघा.

तुमच्या-माझ्या भागात बैलगाडा शर्यतीच्या घाटात हा वाद उद्भवत नाही. बारी सुटली, गाडा निशाणापर्यंत पोहोचला, घड्याळात किती सेकंद लागले ते भोंग्यावर पुकारलं, आणि दिवसभरात ज्याचे सेकंद सगळ्यांत कमी तो घाटाचा राजा. बैल केवढ्याला घेतला होता हे तिथे कुणी धरत नाही. लिलावानंतरच्या श्रेणीत घड्याळच नसतं, कारण बारी अजून सुटलेलीच नसते.

मराठी खेळाडूंवर अन्याय होतो का, या प्रश्नाचं खरं उत्तर लिलावाच्याही अलीकडे आहे, आणि ते मला जास्त टोचतं. भीमाशंकरच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने मैदान हाती लागत नाही. बाकीच्या दिवसांत तुम्ही मातीवर खेळता, आणि वरच्या पातळीवरची स्पर्धा मॅटवर असते. मॅटवर पाय वेगळा पडतो, बूट लागतात, वळताना पकड वेगळी मिळते. बालेवाडीची मॅट तुमच्यापासून शंभरेक किलोमीटर. जत्रेतल्या स्पर्धेत एखाद्या आश्रमशाळेच्या पोराने समोरचा अख्खा बचाव गारद केला, तरी ते बघायला ना निवडणारा असतो ना बातमीदार. दुसऱ्या दिवशी बातमी आलीच तर विजेत्या संघाचं नाव, पाहुण्यांची नावं आणि बक्षिसाची रक्कम. कुणी कशी चढाई केली याची एक ओळ नाही. पाहुण्यांच्या यादीतली चार नावं कमी करून त्या पोराच्या खेळाबद्दल दोन वाक्यं लिहिली, तर तालुक्याचं क्रीडावृत्त कितीतरी उपयोगाचं होईल. हुंदळेवाडीचा सिद्धार्थ जगाला दिसला, कारण तो कसाबसा लिलावाच्या यादीपर्यंत पोहोचला. न पोहोचलेले किती, याची नोंद कुठेच नाही. माध्यमांवर राग धरायचाच असेल, तर तो इथे धरा.

प्रश्न : अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही संघांना अशाच श्रेणी देतात असं वाचलं. तिथे तरी त्या बरोबर येतात का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : ही चाल फोफावली ती तिथेच. तिथे लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. मागच्या वर्षी तळाला राहिलेला संघ महाविद्यालयांतून आलेल्या खेळाडूंमधून पहिली निवड करतो, मग त्याच्या वरचा, अशा फेऱ्या चालतात. ईएसपीएन वाहिनीवर मेल कायपर 1984 पासून या निवडीवर बोलत आले आहेत, आणि ड्राफ्टनंतर ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी वाटण्याचा आता तिथे सगळीकडे रिवाजच झाला आहे.

बरोबर येण्याचं म्हणाल तर 2012 साली सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या निवडीला अनेकांनी अगदी खालची श्रेणी दिली. त्या निवडीतला रसेल विल्सन 75 वा घेतलेला खेळाडू होता. दोनच हंगामांत, फेब्रुवारी 2014 मध्ये, त्याच संघाने सुपर बोल हा तिथला अंतिम सामना जिंकला. टॉम ब्रेडी 2000 साली 199 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. मॅसी आणि थेलर या अभ्यासकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की अगदी वरच्या निवडींना संघ स्वतःच अवाजवी मोल देतात. संघांचीच नजर अशी, तर त्यांच्यावर लिहिणाऱ्यांची वेगळी कुठून येणार?

आपल्याकडेही 2017 च्या जुलैत मुंबईत इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा ड्राफ्ट झाला होता. युजेनसन लिंगडोह 1 कोटी 10 लाखांना कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. त्या ड्राफ्टमधली सर्वांत मोठी किंमत लाभलेल्या दोघांपैकी तो एक. आधीच्या वर्षीचा विजेता असलेला तो संघ त्या हंगामात दहा संघांत नववा आला.

दोन्ही वाचकांना, आणि इतरांनाही, माझी एक विनंती आहे. पुढच्या लिलावानंतर ज्या वर्तमानपत्रात किंवा वाहिनीवर श्रेणी येतील, त्या तारखेसह वहीत उतरवून ठेवा. स्वतःच्या श्रेणीही त्याच दिवशी शेजारी लिहा, नंतर खाडाखोड नको. पर्व संपल्यावर गुणतक्ता समोर ठेवून ताळा करा. श्रेणी देणारे स्वतःचा ताळा छापत नाहीत, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. तुमच्या वह्या या सदराकडे पाठवा. कुणाचा अंदाज किती उतरला, तुमचा आणि त्यांचा, दोन्ही आकडे आम्ही इथे छापू.