मुंग्या येण्याआधीची गोळी

मनगटाला प्लेट बसवून मला खोलीत आणलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि उजवा हात अजिबात दुखत नव्हता. तो माझा आहे असंच वाटत नव्हतं. डाव्या हाताने उचलला तर ओल्या वाळूच्या पिशवीसारखा जड. भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत कॉलरबोनच्या वर सुई घालून हाताच्या नसांभोवती औषध सोडलं होतं. हाच नर्व्ह ब्लॉक.

संध्याकाळी सिस्टरने गोळ्या पुढे केल्या. मी म्हटलं, "दुखतच नाहीये, मग कशाला?" तिने दोनदा सांगून पाहिलं, मी ऐकलं नाही.

रात्री दीडला अंगठ्यात मुंग्या आल्या. बरं वाटलं, हात परत येतोय. तासाभरात असा ठणका लागला की पलंगाची दांडी धरून मी रडले. गोळी घेतली, पण तिचा गुण येईपर्यंत धीर निघेना. शेवटी ट्रामाडॉलचं इंजेक्शन घेतलं आणि पहाटेपर्यंत उलट्या काढल्या. ब्लॉक दिला होता तो असली औषधं कमी लागावीत म्हणूनच!

ब्लॉकला मी दोष देत नाही. तो मेंदूकडे जाणारा निरोप अडवतो, पण जखमेची सूज आत चालूच असते. माझ्यासारख्या ब्लॉकचा असर साधारण १२ ते १८ तासांत ओसरतो आणि साठलेलं दुखणं एकदम अंगावर येतं. डॉक्टर याला रिबाउंड पेन म्हणतात. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर ते बऱ्याच जणांना होतं.

म्हणून कळकळीने सांगते, ब्लॉक जरूर मागा, पण तो किती तास टिकेल हे आधीच विचारा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या हात बधिर असतानाच सुरू करा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगा. बधिर हात झोळीतच ठेवा. माझं कोपर चहाच्या गरम पेल्याला टेकलं होतं, मला पत्ताच नाही. पायाला ब्लॉक असेल तर एकट्याने उठू नका. बोटं पांढरी-निळी पडली, किंवा गोळ्या घेऊनही ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका.

पुढे वहिनींच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ब्लॉकमुळे त्यांची पापणी थोडी उतरली, आवाज बसला. असं होऊ शकतं हे आधी विचारून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही. रात्री नऊचा गजर मीच लावला होता. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या तेव्हा गोळी पोटात जाऊन तीन तास झाले होते. दुखलं, पण त्या कूस बदलून पुन्हा झोपल्या.