आपली मोकळी वेळ बाहेरच्यांना कशी कळवावी?



“उद्या ११ वाजता येऊ का?” “उद्या बैठक आहे, परवा या.” “परवा माझी ड्यूटी आहे.” एका भेटीसाठी असे चार-चार फोन होतात. पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणारे पालक अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत येतात आणि प्राचार्य बाहेर गेलेले असले, तर रजाही जाते व कामही राहते. त्यामुळे आपली मोकळी वेळ समोरच्याला आधी कळणे ही केवळ सोय नव्हे, दुसऱ्याच्या श्रमाचा तो मान आहे. आता कामाचे वेळापत्रक बहुधा संगणकावर किंवा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये असते. ते संस्थेबाहेरच्या माणसाला किती दाखवावे व कसे दाखवावे, हे या पाठात पाहू.

१. सांगायचे नेमके काय?

मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आपण तारीख विचारतो. ते वही उघडतात आणि म्हणतात, “१२ तारीख गेली, १४ मोकळी आहे.” १२ तारखेला कोणाचे लग्न आहे आणि त्यांनी किती आगाऊ रक्कम दिली, हे ते सांगत नाहीत, आपणही विचारत नाही. या पाठाचे मुख्य सूत्र हेच आहे. बाहेरच्या माणसाला ‘मोकळे’ की ‘व्यस्त’ एवढेच कळावे. व्यस्त का, ते आपल्या वहीत राहावे.

संगणकाच्या कॅलेंडरमध्येही हा भेद आधीपासून आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे मानक प्रसिद्ध झाले व २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात कार्यक्रमाच्या तपशिलासाठी वेगळा भाग आहे आणि केवळ मोकळे-व्यस्त कळविण्यासाठी वेगळा.

२. दाखविण्याचे तीन मार्ग

(अ) ठराविक व्यक्तीला दाखविणे. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये त्या व्यक्तीचा ई-मेल पत्ता घालून परवानगी देता येते. फक्त मोकळे-व्यस्त पाहणे, सर्व तपशील पाहणे, बदल करणे आणि बदलांसोबत इतरांना परवानगी देणे, अशा या चढत्या पायऱ्या आहेत. बाहेरच्या व्यक्तीसाठी पहिली पायरी पुरे. खाते संस्थेचे असेल, तर बाहेर किती जाऊ द्यायचे याची मर्यादा संस्थेचा संगणक-व्यवस्थापक घालू शकतो. वरची पायरी निवडता येत नसेल, तर तो बिघाड नाही, नियम आहे असे समजावे.

(आ) दुवा देणे. आउटलुकमध्ये कॅलेंडर प्रकाशित करता येते. त्यातही फक्त व्यस्तता, शीर्षक व ठिकाण, किंवा सर्व तपशील असे पर्याय असतात. येथे लक्षात ठेवावे की दुवा ज्याच्या हाती पडेल, त्याला ते दिसेल. दुवा एका व्हॉट्सअॅप गटातून दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही. गूगलमध्ये एक ‘गुप्त पत्ता’ असतो. त्यातून सर्व तपशील दिसतात, म्हणून तो बाहेरच्याला देऊच नये. दिला गेलाच असेल, तर सेटिंगमधून तो पत्ता बदलून घ्यावा, म्हणजे जुना निकामी होतो.

(इ) भेटीचे पान तयार करणे. यात आपले कॅलेंडर न दाखवता केवळ भेटीसाठी राखलेल्या वेळा दाखवितात, जसे बुधवारी ३ ते ५, प्रत्येकी २० मिनिटे. पाहुणा हवी ती वेळ निवडतो व ती दोघांच्याही नावे नोंदली जाते. गूगल, मायक्रोसॉफ्ट बुकिंग्ज, कॅलेंडली यांत ही सोय आहे. शाळा, दवाखाना, वकिलांचे कार्यालय अशा ठिकाणी, जिथे रोज नवे लोक येतात, तिथे आमच्या मते हाच मार्ग सर्वांत चांगला.

३. सावधगिरी कोणती?

समजा, कॅलेंडरमध्ये आपण नोंद केली, ‘नववीतील अमुक मुलीच्या पालकांशी समुपदेशन’. कॅलेंडर सर्वांसाठी तपशिलासह खुले असेल, तर ही ओळ शेजाऱ्यापासून अनोळखी माणसापर्यंत कोणीही वाचू शकेल. त्या मुलीला उद्या वर्गात बसायचे आहे. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी विशेष तरतुदी आहेत. पण कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच होती. म्हणून नोंदीत मुलांची नावे लिहू नयेत. ‘पालक भेट’ एवढे पुरते.

दुसरी गोष्ट, रिकामे म्हणजे मोकळे नव्हे. वर्गनिरीक्षण, पेपर तपासणे, दुपारचे जेवण यांची नोंद नसेल, तर पाहणाऱ्याला ती वेळ उपलब्ध वाटते. जी वेळ द्यायची नाही, ती आधी ‘व्यस्त’ करावी.

४. घड्याळाचा फरक

आपले अनेक माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत. आपल्याकडे सायंकाळचे ७ वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे ९:३० आणि हिवाळ्यात ८:३० वाजलेले असतात. कारण तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. कॅलेंडर हा हिशेब स्वतः करते, पण दोन्हीकडचा कालविभाग बरोबर भरलेला हवा. फोनवर वेळ ठरविली, तर ‘भारतीय वेळेनुसार’ हे शब्द जरूर म्हणावेत.

५. शिष्टाचार

वडीलधाऱ्यांना नुसता दुवा पाठवून “यातून वेळ निवडा” म्हणणे कोरडे वाटते. “बुधवारी ३ किंवा शुक्रवारी ४ वाजता आपल्याला जमेल का? सोयीसाठी दुवाही देत आहे” असे लिहावे. ज्या आजी-आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी काही वेळा राखून ठेवाव्यात आणि त्या फाटकाजवळच्या फलकावर लिहाव्यात. यंत्र नाही म्हणून कोणाची भेट हुकू नये. तसेच ठरलेली वेळ बदलावी लागली, तर कॅलेंडरची सूचना जाईलच असे गृहीत न धरता एक फोन करावा. घरून निघालेल्या माणसाला सूचनेपेक्षा फोन लवकर कळतो.

स्वाध्याय (इयत्ता ९वी ते १२वी)

१) आपल्या आठवड्यातील मोकळ्या व व्यस्त वेळांचा तक्ता करा. त्यात एकाही कामाचे नाव लिहू नका.
२) ‘सर्व तपशील’ आणि ‘फक्त मोकळे-व्यस्त’ यांतील फरक मंगल कार्यालयाखेरीज दुसरे उदाहरण देऊन सांगा.
३) नोव्हेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कच्या माजी विद्यार्थ्याला तेथील सकाळी ८ वाजता बोलायचे आहे. भारतात किती वाजले असतील?
४) घरातील मोठ्यांच्या मोबाईलमधील कॅलेंडर कोणाला दिसते, हे त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासोबत बसून तपासा.